पाऊणकी

भाऊबीजेच्या दिवशी जेवणं आटोपली आणि मी बहिणीच्या दोन्ही मुलांना घेऊन मालवणच्या रॉक गार्डनवर गेलो. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात काय काय दिसतं याचं वर्णन आदल्या रात्रीपासून रंगवत होतो. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटणारे खेकडे, बोट लावलं की मिटणारी समुद्रफुलं, साळिंदरासारखे काटे फुलवून बसलेले सी अर्चिन. पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि खळगे तर सोडाच, निम्मे खडकही पाण्याखाली होते. लाटा पार वरच्या दगडांवर फुटत होत्या. पंधरा वर्षांच्या भाचीने मोबाइलमधून मान वर काढली, समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली. तेरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, "मामा, कुठेय ते सगळं?"

शेजारी एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांना आमची दया आली असावी. "पाणी सुकलां की येवा," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, "आज बीज मां? मगे दीडाक भरती. पाऊणकी येता काय?"

मला पाऊणकी येत नव्हती. मुलांना तर तो शब्दच ठाऊक नव्हता. पण नंतरच्या फेब्रुवारीत आम्ही पाच दिवसांची जी सहल केली, ती या एका पाढ्यावर उभी होती. म्हणून आधी त्याच्याविषयी.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. किनाऱ्यावरच्या लोकांनी तो भरतीला जोडला. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी आणि पहाटे दीडला भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

हे का जमतं, ते भाचीने त्याच संध्याकाळी कागदावर करून पाहिलं. मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की भरती चंद्रामागे धावते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तिने चोवीस तासांना तीसने भागलं, कारण चांद्र महिन्याच्या तिथी तीस. उत्तर आलं अठ्ठेचाळीस मिनिटं. "पण पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस," ती म्हणाली. "दर तिथीला तीन मिनिटं चुकतात. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा घोळ." बरोबर आहे. हा हिशोब होडी लोटणाऱ्या माणसासाठी आहे, आगगाडी पकडणाऱ्यासाठी नाही. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, त्यामुळे गोव्याला ती आधी लागते, मालवणला मागाहून आणि मुंबईला त्याहून उशिरा. दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्याही एकसारख्या नसतात. नेमकी वेळ हवी तर छापील तक्ता किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघावंच लागतं. पण तीन महिन्यांनंतरच्या सुटीतला कोणता दिवस कशाला बरा, हे भिंतीवरच्या कालनिर्णयवरून दोन मिनिटांत ठरवायचं तर पाऊणकीसारखी सोय नाही.

त्या दिवाळीपर्यंत बहिणीच्या पुण्याच्या घरी बालीच्या सहलीचं चाललं होतं. मुलांना निसर्ग दाखवायचा, तोही उष्ण कटिबंधातला: प्रवाळ, कांदळवन, कासवं, पावसाळी जंगल. त्याआधीच्या वर्षी कोस्टारिकाचं नाव निघालं होतं आणि विमानभाडं बघून मागे पडलं होतं. कोस्टारिका विषुववृत्ताच्या उत्तरेला दहा अंशांवर आहे, मालवण सोळावर. कर्कवृत्त साडेतेवीसवर. आपण कटिबंधाच्या आत जन्मलो आणि त्याला 'हवा दमट आहे' एवढंच म्हणत आलो. सिंधुदुर्ग हा रत्नागिरीतून १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला आठ तालुक्यांचा जिल्हा. त्यात समुद्रातल्या प्रवाळापासून सुमारे ६९० मीटरवरच्या आंबोलीपर्यंत सगळं गाडीने दोन-अडीच तासांच्या टापूत आहे. १९९७ मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीरही झाला.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. कोस्टारिकाने जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा राखीव केलाय आणि त्याभोवती वाटाडे, वेळापत्रकं, फलक यांची सगळी घडी बसवलीय. तिथे पैसे भरले की निसर्ग समोर वाढून येतो. इथे तो आपण जुळवायचा असतो. जुळवणारा आईबाप असेल तर मुलं पाहुण्यासारखी मागच्या सीटवर बसतात. म्हणून मी बहिणीला एवढंच सुचवलं, की जुळवायचं काम भाचीकडे दे. राहण्याची जागा, रेल्वेची तिकिटं, पैसे मोठ्यांनी बघायचे. कोणत्या दिवशी कुठे आणि किती वाजता, ते तिने ठरवायचं. तिच्या ठरावाला मोठ्यांनी मोडता घालायचा नाही, अपवाद फक्त सुरक्षेचा.

महिना ठरवताना मुलांच्या परीक्षा आणि समुद्र यांची सांगड घालावी लागते. पावसात समुद्र बंदच म्हणायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी थांबते, किल्ल्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दिवाळीत हवा छान, पण नद्यांनी आणलेला गाळ अजून पुरता बसलेला नसतो आणि पाण्याखाली धूसर दिसतं. नाताळात पाणी चांगलं आणि माणसं फार. मे महिन्यात आंबा मिळतो, पण दुपारी अकरा ते चार शहाणा माणूस माजघर सोडत नाही, आणि किशोरवयीन मुलं सकाळी दहाच्या आत उठत नाहीत. म्हणजे दिवस संपलाच. उरतो फेब्रुवारी. भाचीने दिनदर्शिकेत बोट फिरवत महाशिवरात्र गाठली. सुटीचा एक दिवस पदरात, शाळा चार दिवस बुडणार, आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या.

अमावस्या का हवी, तर उधाणासाठी. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते. भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतं, तेव्हा पाणी ना फार चढत, ना फार उतरत. खडकांवरचे जीव बघायचे तर उधाणाचे दिवस धरावेत. पण पाऊणकी लावली की कळतं, अमावस्येला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला. समुद्र सगळ्यात जास्त उघडा पडतो तेव्हा आमची मंडळी गाढ झोपेत. इथे निसर्गाची एक मेहेरबानी उपयोगी पडते. उधाणाचा जोर अमावस्येलाच संपत नाही, पुढे दोन-तीन दिवस टिकतो. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी पावणेआठला. मालवणला थोडी अलीकडे धरून सात. सात वाजता पंधरा वर्षांच्या मुलीला उठवणं अवघड असतं, पण वेळ तिनेच शोधलेली असली तर अशक्य नसतं. फाल्गुन शुद्ध द्वितीयेवर तिने लाल शाईने गोल केला.

मुक्कामाबद्दल एक इशारा. त्याच दिवसांच्या आगेमागे मालवण तालुक्यात आंगणेवाडीची यात्रा असू शकते. भराडी देवीच्या या यात्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरली की लाखो माणसं येतात. तारीख जाहीर झाल्याशिवाय खोल्यांचे पैसे भरू नयेत. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वरची यात्रा असते, अगदी समुद्राला लागून. पहाटे कुडाळ स्टेशनवर उतरून आम्ही तिथे गेलो असतो, पण भाचीच्या कागदावर त्या दिवशी लिहिलं होतं: झोप. मला ते आजही थोडं लागतं.

अमावस्येला साडेदहाच्या सुमारास आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यालगत पाण्यात उतरलो. खरं तर मास्क लावून पाण्याखाली बघायला भांग बरं, गाळ कमी ढवळतो. खडक बघायला उधाण. एका सहलीत दोन्ही उत्तम मिळत नाही. म्हणून निदान भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं ती वेळ आम्ही साधली. समुद्राचं नवं पाणी आत आलेलं असतं आणि ओढ कमी असते.

किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू झालं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच्या तटाखाली प्रवाळ आहे, हे मात्र कितीतरी मोठ्यांना ठाऊक नसतं. १३ एप्रिल १९८७ रोजी इथल्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राला सागरी अभयारण्य घोषित केलं गेलं. किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. अंदमानचे फोटो डोळ्यांत ठेवून गेलात तर निराश व्हाल. इथे पाण्यात काही मीटरच दिसतं आणि प्रवाळ तपकिरी, हिरवट, राखाडी. पण ते चार-पाच हातांवर असतात, त्यासाठी खोल बुडी मारावी लागत नाही.

प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी, यावर होडीत वाद झाला. उत्तर थोडंफार तिन्ही. मूळ जीव प्राणी, टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहून जरा मोठा, तोंडाभोवती बारीक शुंडकं असलेला. तो स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, उन्हावर अन्न तयार करतात आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं मालकाला देतात. रंगही बहुतेक त्यांचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून तसंच राहिलं, तर हा करार मोडतो. प्रवाळ शैवालांना हाकलतो आणि पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांतही अशा विरंजनाच्या नोंदी झाल्या आहेत. आणि प्रवाळ वाढतो वर्षाला मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरच्या हिशोबात. त्यावर एकदा टेकवलेल्या पायाची भरपाई किती वर्षांची, हे भाच्याने स्वतःच काढलं आणि मग होडीतल्या एका काकांना, पाय वर घ्या म्हणून बजावलं. काकांनी घेतले.

इथे तीन बारीक गोष्टी. चष्मा असलेल्या मुलाला साध्या मास्कमधून काहीच दिसत नाही. नंबरचा मास्क मिळतो, आधीच शोधून ठेवावा. उन्हासाठी मलम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. काही मलमांतली रसायनं प्रवाळाच्या पिल्लांना घातक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आणि मुलींच्या पाळीची तारीख तिथीइतकीच गांभीर्याने बघावी. आई-मुलीने ते आधी बोलून घेतलं नाही, तर ऐन वेळी 'मला नाही यायचं' एवढंच ऐकू येतं आणि बाप उगीच चिडतो.

पोहून झाल्यावर किल्ल्यात गेलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं कसं, हा प्रश्न बरोबरच्या प्रत्येक मुलाने विचारला पाहिजे आणि विचारतोच. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. बेटावर मुरलेला पाऊस खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहू शकतो. बेताने उपसलं तर वर्षभर पुरतं, हावरटपणे उपसलं तर खालचं खारं वर येतं.

आता रापण. मालवणला गेलात आणि बाकी काहीच जमलं नाही तरी चालेल, पण एक सकाळ रापणीला द्या. तिचं तिकीट नसतं. जाळं घेऊन होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळ मारून थोड्या अंतरावर परत टेकते आणि जाळ्याची दोन टोकं वाळूवरच्या दोन रांगांच्या हातात येतात. मग ओढायचं. तास-दोन तास, पाय वाळूत रुतवून, कमरेतून मागे झुकत. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात. जाळं अनेकांच्या मालकीचं, म्हणून मिळेल त्याचे वाटे पडतात.

प्रतिपदेच्या सकाळी आम्ही बघत उभे होतो. रांगेतल्या एका बाईने भाचीला हाताने बोलावलं. "चेडवा, दोरी घट धर, सोडू नको." दहा मिनिटांत तिचे तळवे लाल झाले, पण तिने दोरी सोडली नाही. मोबाइल आईच्या पिशवीत गेला, आणि त्यासाठी कुणालाही व्याख्यान द्यावं लागलं नाही. जाळ्याचा घेर किनाऱ्याजवळ आला तसे घारी आणि बगळे जमले. पेडवे, थोडे बांगडे, दोन सौंदाळे, बऱ्याच जेलीफिश, आणि रागाने फुगलेला एक केंड मासा, जो भाच्याने दोन काठ्यांत धरून पाण्यात सोडला. मेहनतीच्या मानाने काहीच नव्हतं. कुणी फारसं बोललं नाही, जाळं झटकायला लागले.

इतके कमी मासे का, हे भाच्याने विचारलंच. त्याचं उत्तर निसर्गाच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. रापण किनाऱ्याला येणाऱ्या माशांवर जगते. पर्ससीनची मोठी जाळी आणि रात्री प्रखर दिवे लावून केलेली मासेमारी तो थवा किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच उचलते, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. अभयारण्यालाही इथल्या मच्छीमारांनी विरोध केला होता. पाणी राखायचं, पण कुणाच्या पोटाला चिमटा काढून, हा त्यांचा प्रश्न होता. मुलांना हे सांगावं का? माझ्या मते सांगावंच. तेरा-पंधराच्या वयाला नुसता सुंदर निसर्ग पुरत नाही. भांडण दिसलं की ती कान टवकारतात. रापणीत कधी कासव येतं. ते सोडायला जाळं कापावं लागलं तर २०१८ पासून राज्यात भरपाई मिळते, कमाल २५,००० रुपये. ही गोष्ट दोघांनाही प्रवाळापेक्षा जास्त लक्षात राहिली.

द्वितीयेला सातला रॉक गार्डन. या वेळी खडक होते, आणि किती! भाऊबीजेला लाटा फुटत होत्या तिथून बरंच पुढे चालत गेलो. पायात बंद चपला हव्यातच, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. खळगा निवडायचा, उकिडवं बसायचं, पाच मिनिटं सावलीसुद्धा हलवायची नाही. पहिलं मिनिट काहीच नसतं. मग एक शंख चालायला लागतो. मग दुसरा. भाचीने एका खळग्यापाशी चाळीस मिनिटं काढली. मी घड्याळ बघितलं म्हणून आकडा ठाऊक. काय काय पाहिलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

आणि पाऊणकीचं दुसरं देणं त्याच दिवशी मिळालं. खडकांना ओहोटी लागते, कांदळवनाला भरती. ओहोटीत होडी चिखलात बसते. सातची ओहोटी म्हणजे एकच्या सुमाराला भरती, आणि मधल्या वेळात मालवणहून वेंगुर्ल्याला निवांत पोचता येतं. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्हवत्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, म्हणून खंड्या उडून जात नाही. कांदळाची मुळं बाहेरून छत्रीच्या काड्यांसारखी टेकू देतात. त्याची बी झाडावरच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखी लोंबते, वेळ आली की भाल्यासारखी चिखलात पडते किंवा पाण्याबरोबर वाहत दुसरीकडे जाते. तिवराचं पान चाटून बघायला सांगितलं तेव्हा भाच्याने आधी आईकडे पाहिलं. पान खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवलंय. ती ओळखायची तर चिखलातून वर आलेल्या तिच्या जाड, टोकदार श्वासमुळांवरून. इथे वल्हं धरलेल्या हाताला विचाराल तेवढं कळतं, म्हणून प्रश्न मुलांनी विचारावेत, आपण गप्प बसावं.

संध्याकाळी जवळच्या वायंगणीला गेलो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत येऊन शंभरेक अंडी घालते आणि परत फिरून बघत नाही. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी निघतात. नर की मादी, ते वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच माद्या. कोकणात या कासवांच्या संवर्धनाची सुरुवात २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला केली, पुढे ती दक्षिणेकडे पसरली. अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. भाचा तासभर बसून राहिला, अंधार पडला तरी. टॉर्च लावता येत नाही, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. शेवटी घरट्यावरच्या पाटीवरची तारीख वाचून त्याने पन्नास दिवस मोजले. आणखी चार दिवस होते. "मग आपण चुकलो," तो म्हणाला. फोन करून आधी विचारता आलं असतं. ते काम माझ्याकडे होतं.

आंबोली या सहलीत नव्हती, मुद्दाम. समुद्र आणि आंबोली एका दमात करणारे लोक गाडीत जास्त बसतात. आंबोलीची खरी वेळ पावसाची. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जूनमध्ये पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना फेसाची घरटी बांधणारे उडते मलबारी बेडूक, २००९ मध्ये नाव मिळालेला आणि जवळजवळ याच डोंगरापुरता उरलेला आंबोलीचा पिवळा-काळा भेक. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातल्या इवल्याशा माशाचं शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. ते सगळं रात्रीचं काम, रेनकोट घालून, जाणकाराबरोबर. त्यासाठी वेगळं पान हवं.

भाचीच्या कागदावर ज्या एका गोष्टीवर तिला मत नव्हतं, ती म्हणजे सुरक्षा. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकीचे आठ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे गेले. शांत दिसणारं पाणी शांत असतंच असं नाही. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी कुठून तरी परत जायलाच हवं. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं. त्या पट्ट्यावर लाटा कमी फुटतात, त्यामुळे पोहायला नेमकी तीच जागा सोपी वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका. चांगला पोहणाराही त्यात दमतो. किनाऱ्याला समांतर पोहा, पट्टा संपला की बाहेर या. जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. हे वाळूवर काठीने रेघा मारून दोघांकडून वदवून घेतलं. होडीत लाइफ जॅकेटचे बंद बांधूनच बसायचं, आणि स्थानिक माणूस 'आज नको' म्हणाला तर कारण न विचारता परत फिरायचं.

तृतीयेसमोर भाचीने लिहिलं होतं: काही नाही. बहिणीला ते पटत नव्हतं, रात्रीच्या गाडीआधी सावंतवाडीची खेळणी तरी बघू, असं तिचं म्हणणं. पण करार तो करार. सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाऊन मुलं खळ्यात बसली. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकी ओले काजू सोलत होत्या. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, इतकं मी सांगेपर्यंत भाच्याने एक बी हातात घेऊन सोलायला सुरुवात केलीसुद्धा. सालीत डीक असतो, कातडी भाजणारा. म्हणून काकी बोटांना खोबरेल तेल लावून बसल्या होत्या आणि त्यालाही लाव म्हणत होत्या. "लावतो, लावतो," म्हणत त्याने अर्धी वाटी गर काढले. दुपारी त्याची उसळ झाली. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती आणि कुडाळच्या फलाटावर तो ती दिव्याखाली धरून बघत होता. पुण्याला पुढचा आठवडाभर सालं निघत राहिली. बहिणीने डॉक्टरांकडे नेऊ का म्हणून फोन केला, तेव्हा मागून त्याचा आवाज आला, शाळेत दाखवायचंय, एवढ्यात नको.